ओल्या लिंपणावरचा हात

अमेरिकेच्या उत्तर टोकाचं डुलुथ सोडलं तेव्हा मी एक्कावन्न वर्षांची होते. माझ्या आधीच्या नवऱ्याने, लायलने, दुसरं लग्न केलं होतं, इस्पितळाने आमचा एक्स-रे विभाग दुसऱ्या शहरात हलवला होता आणि तळ्यावरून येणारं धुकं सकाळी खिडकीला चिकटायचं ते दुपारपर्यंत हलायचं नाही. यातलं काहीच नवं नव्हतं. एका मार्चमध्ये दारापुढचा बर्फ उपसता उपसता मी फावडं तिथंच रोवलं आणि आत येऊन धाकट्या बहिणीला फोन केला, एवढंच नवं.

"न्यू मेक्सिको?" कॅरिन म्हणाली. "तिथं आहे काय?"

"ऊन."

"ऊन काय, इथंही पडतं."

"कधी?"



पालोमितासला मला मिळालं ते घर कच्च्या विटांचं होतं, गावाच्या टोकाला, कोरड्या ओढ्याच्या काठावर. तीन खोल्या, पत्र्याचं छप्पर, अंगणात एक वाकडं जर्दाळूचं झाड. आधीच्या मालकाने बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. मी सामान उतरवत असतानाच कुंपणापलीकडून आवाज आला.

"मिहा! ते सिमेंट आधी काढ. घर गुदमरतंय तुझं."

या युफेमिया. वय सत्तरीच्या जवळ, गावातली एकुलती एक खानावळ त्यांची. आमच्याकडे सगळे त्यांना तिया म्हणतात, म्हणजे मावशी, आणि त्या सगळ्यांना मिहा, मिहो म्हणतात, म्हणजे पोरी, पोरा, मग समोर शेरीफ का असेना. त्यांचं म्हणणं खरं होतं. सिमेंटखाली ओल कोंडून राहते आणि मातीची भिंत आतल्या आत कुजते. काउंटीच्या दवाखान्यात मला आठवड्यातले काही दिवस काम मिळालं होतं. उरलेल्या दिवसांत मी छिन्नी-हातोडी घेऊन सिमेंटचे पापुद्रे उतरवत राहिले. उत्तरेची भिंत सगळ्यात वाईट होती. बोट घातलं तर माती भुगा होऊन खाली यायची.

मे महिन्यात आम्ही ती लिंपली. ओढ्याची लालसर माती चाळून तिच्यात वाळू आणि गव्हाचा पेंढा घातला आणि अनवाणी पायांनी तुडवली. शेवटचा हात फिरवायला मी थापी घेतली, तर तियांनी ती काढून घेतली.

"थापी पुरुषांसाठी. त्यांना भिंतीला हात लावायची लाज वाटते."

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघींनी तळहातांनी सगळी भिंत सारवली. माझे खांदे भरून आले होते, नखांत माती गेली होती आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मला कडकडून भूक लागली होती. तियांनी मिरचीचा रस्सा आणि गरम टॉर्टिया आणून दिल्या. मी मडक्याच्या तळापर्यंत पोचले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीचा कप घेऊन बाहेर आले. मे-जूनमध्ये कोवळं ऊन उत्तरेच्या भिंतीवर अगदी तिरकं पडतं. भिंतीचा बारीकसारीक उंचवटासुद्धा त्यात दिसतो. भिंतीच्या खालच्या भागात, माझ्या गुडघ्याच्याही खाली, एक हात उमटला होता.

डावा हात होता तो. पाची बोटं फाकलेली आणि तळवा जेमतेम जर्दाळूएवढा.

पहिला विचार रॅकूनचा आला, रात्री अंगणात घुसतं ते जनावर. त्याचा पंजा तान्ह्या मुलाच्या हातासारखा दिसतो. पण रॅकूनची बोटं काटकुळी असतात आणि टोकाला नखं असतात. ही बोटं आखूड होती, गोल टोकांची, मुळाशी गुबगुबीत. मी आयुष्यभर हातांची एक्स-रे चित्रं काढली आहेत. मनगटातली हाडं एकेक करून कधी दिसू लागतात त्यावरून डॉक्टर मुलाचं वय ठरवतात, आणि इतकी चित्रं पाहिल्यावर नुसत्या बाहेरच्या आकारावरून मीही सांगू शकते. हा हात एक वर्षाच्या मुलाचा होता.

जमिनीवर मऊ धूळ होती. तिच्यात माझी पावलं होती, तियांची होती आणि तिसरं कुणाचंही पाऊल नव्हतं.

"तिया, गल्लीत कुणाचं रांगतं मूल आहे का?"

"या गल्लीत सगळ्यात लहान माझा भाऊ. चौसष्टचा." त्या हसत कुंपण ओलांडून आल्या. वाकून पाहिलं. हसू थांबलं. त्यांनी कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण केली, आणि तो भाग सारवून सपाट करायला उचललेला हात परत खाली घेतला.

"राहू दे," त्या म्हणाल्या आणि खानावळ उघडायला निघून गेल्या.

मला मूल झालं नाही. त्याबद्दलचं रडणं डुलुथमध्येच उरकलं होतं, त्यामुळे हात पाहून माझ्या काळजात वगैरे काही हललं नाही. मी त्याचा फोटो काढला. पावसाने, वाऱ्याने हिवाळ्यापर्यंत तो झिजून गेला.

मातीच्या भिंतीला दर वर्षी नवा हात द्यावा लागतो. पुढच्या मेमध्ये दिला. सकाळी ठसा होता. या वेळी गुडघ्याच्या वर, आणि बोटं लांबलेली. तीन वर्षांचं मूल, मी मनाशी म्हटलं. त्याच्या पुढच्या वर्षी पाचचं. आमच्या एका वर्षात ते दोन वर्षांनी वाढत होतं. जुना फोटो आणि नवा फोटो मी दवाखान्यातल्या एक्स-रे पाहायच्या उजेडाच्या पेटीवर शेजारी शेजारी धरून पाहिले. करंगळी जराशी आत वळलेली होती, दोन्हीकडे सारखीच. एकच मूल होतं ते.

त्या दिवशी मी खानावळीत गेले. गिऱ्हाईक नव्हतं. तिया मिरच्या भाजून त्यांची सालं काढत होत्या.

"या घरात कुणाचं मूल गेलं होतं का?"

"नाही." त्यांनी वर पाहिलं नाही. "पहिल्याच वर्षी विचारून आले मी. पाद्रीबाबांना विचारलं, चर्चशेजारच्या म्हाताऱ्या बहिणींना विचारलं. त्या घरात म्हातारे मेलेत, एक खेचर मेलंय. मूल नाही."

"मग हे कोण?"

"मला काय विचारतेस? हाडं तू वाचतेस." त्यांनी सोललेली मिरची ताटात टाकली. मग त्या हळूच म्हणाल्या, "मेलेली मुलं वाढत नाहीत, मिहा."

चौथा उन्हाळा वाईट गेला. जुलैत वादळ आलं ते दुपारी, मी दवाखान्यात असताना. परत आले तर ओढा काठोकाठ लाल पाण्याने धावत होता. छपराचं पन्हळ तुंबून सगळं पाणी घराच्या उत्तरेच्या कोपऱ्यावर कोसळलं होतं. कोपऱ्याच्या बुडाशी मी आत वाकून बसू शकेन एवढी खबदाड पडली होती. वरच्या विटा नुसत्या एकमेकींच्या आधाराने लटकत होत्या. मी ताडपत्री बांधली, ती वाऱ्याने उडाली, पुन्हा बांधली. मग चिखलातच उभी राहून कॅरिनला फोन लावला.

"ये परत," ती म्हणाली. "खालचा मजला रिकामाच आहे. किती दिवस त्या मातीशी झुंजणार तू? या वयात?"

"येते," मी म्हटलं.

संध्याकाळी मी गाडीच्या मागून रिकामी खोकी काढून आणली. आधी भांडी भरली, मग पुस्तकं. तियांना सांगायचं धैर्य झालं नाही.

सकाळी बाहेर आले तेव्हा ताडपत्री घडी घालून पायरीवर ठेवलेली होती.

खबदाड बुजली होती.

मी जवळ गेले. मातीचे लहान लहान गोळे एकावर एक दाबून बसवले होते, मधे कुठंही फट न ठेवता. प्रत्येक गोळ्यावर चार बोटांचे वळ होते. पेंढा आम्ही कापतो त्याहून बारीक कापलेला. आमच्या ढिगातली मूठभर मातीही हललेली नव्हती. आणि सगळ्यात वर, काम संपल्यावर कुणी भिंतीला थोपटावं तसा, डावा हात.

सातेक वर्षांचा.

मी ओल्या जमिनीवर बसले. किती वेळ बसले कोण जाणे. ऊन पाठीवर चढलं, जर्दाळूवर कबुतरं घुमायला लागली. भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण भीतीच्या खाली दुसरंही काहीतरी होतं. सात वर्षांच्या मुलाच्या हातांना एवढी माती लिंपायला किती कष्ट पडले असतील, हा विचार मनातून जाईना.

"थँक यू," मी भिंतीला म्हटलं. मग उठले, आत गेले आणि भांडी परत फळीवर लावली.

तिया आल्या, कोपरा पाहिला, खोकी पाहिली.

"जाणार होतीस?"

"हो."

"न सांगता?"

"हो."

"गाढव आहेस," त्या म्हणाल्या आणि संध्याकाळी रश्श्याचं मडकं घेऊन आल्या. त्याबरोबर एक छोटी वाटी होती, मक्याच्या गोड पेजेची. ती त्यांनी उत्तरेच्या खिडकीत ठेवली. मी विचारलं नाही. सकाळी वाटी धुतलेली आणि पालथी घातलेली होती. ती मी धुतली नव्हती. पण तियांची घरी परतताना धुऊन ठेवायची सवय मला माहीत आहे, म्हणून तो मी कधी पुरावा धरला नाही.

त्यानंतरची वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. मला मातीतलं कळू लागलं. मे आला की गावातल्या बायका एकेकीच्या घरी जमून भिंती लिंपतात, त्यात आता मला हाक येते. चर्चच्या मागच्या भिंतीचा अर्धा भाग माझ्या हातचा आहे. रविवारी माझ्या अंगणात टेबल लागतं. तियांचा चौसष्टचा भाऊ, आता सत्तरी ओलांडलेला, गिटार आणतो आणि सुरात लावता लावताच जेवणाची वेळ होते. जर्दाळूला एका वसंतात इतका बहर आला की फांदीला टेकू द्यावा लागला. माझे गुडघे दुखतात, केस पांढरे झाले, आणि सकाळी जाग येते तेव्हा मला उठावंसं वाटतं. एवढंच मला हवं होतं.

आणि दर वर्षी हात. माझ्या कमरेशी, मग बरगड्यांशी. सांधे रुंदावले, तळव्यावरच्या रेषा खोल झाल्या. "आला का?" तिया कुंपणापलीकडून विचारायच्या, टपाल आलं का विचारावं तसं.

"आला."

"केवढा?"

"पंधराचा."

"मग आता ऐकणार नाही तो कुणाचं."

गेल्या मेमध्ये तो माझ्या खांद्याच्या उंचीवर होता. पूर्ण वाढलेला हात. मनगट थोडं उमटलं होतं.

मी तोवर कधीही ठशाला हात लावला नव्हता. त्या सकाळी लावला. माझा तळवा त्यात ठेवला. बोटं माझ्याहून जराशी लांब होती, बाकी सगळं जुळलं.

ऊन अजून भिंतीवर आलं नव्हतं.

माती गरम होती.

या वर्षी आम्ही भिंत लिंपली आणि मी पहाटेपासून कॉफी घेऊन उभी राहिले. ऊन तिरकं पडलं. आमच्या तळव्यांच्या लाटा दिसल्या, पेंढ्याचं सोनं दिसलं. बाकी भिंत कोरी होती. दुसऱ्या दिवशीही कोरी, आणि आठवडाभर तशीच.

"मोठी झाली की जातात," तिया म्हणाल्या. "माझी चारही गेली. फोनसुद्धा करत नाहीत मेली." आणि मग त्यांनी माझं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं, कारण मी रडायला लागले होते. लायल सोडून गेला तेव्हाही मी अशी रडले नव्हते.

जूनमध्ये कॅरिनच्या मुलीचं लग्न होतं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच डुलुथला निघाले. विमानतळावर जायच्या आधी नवा करडा कोट पिशवीतून काढला, लेबल कापलं आणि अंगात घातला. उतरले तेव्हा धुकं होतंच. कॅरिन विमानतळाच्या दारातच उभी होती. तिने मला गच्च मिठी मारली, बराच वेळ.

"काळी झालीस," ती म्हणाली. "आणि बरी दिसतेस. खरंच बरी दिसतेस गं." मग तिने हात मागे घेतला आणि स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. "मार्लिस, कोटाला मागे काय लागलंय?"

"काय?"

"चिखल." तिने मला खांद्याला धरून फिरवलं. "लाल चिखल आहे. डाव्या खांद्यावर. कुणीतरी... पंजा ठेवल्यासारखा."

"वाळलाय?"

"नाही. ओला आहे." तिच्या चिमटीत पेंढ्याची बारीक काडी होती. "हे कुठून आणलंस?"

"घरून," मी म्हटलं.

आम्ही तिच्या गाडीपर्यंत चालत गेलो. मी बॅग ठेवायला मागचं दार उघडलं, बॅग ठेवली आणि दार तसंच उघडं सोडून पुढे येऊन बसले. कॅरिन दुसऱ्या बाजूने बसली. आम्ही दोघी पट्टे बांधत होतो, तेव्हा मागचं दार हलकेच लागल्याचा आवाज आला.