लोझाचे उपास

"कुणी विश्वास ठेवणार नाही!" शुब्रा मोहल्ल्यातला बुशरा इस्त्रीवाला ही गोष्ट नेहमी अशीच सुरू करतो, आणि तापलेली इस्त्री हवेत धरून पुढे म्हणतो, "अख्ख्या कैरोत वर्षाचे दोनशे दिवस उपास करणारी कुत्री एकच, आणि ती आमच्या तिसऱ्या मजल्यावर राहते. पटत नसेल तर आपापले शर्ट उचला आणि चालू लागा!"

शर्ट कुणी उचलत नाही.

ती कुत्री म्हणजे लोझा. बदामी रंगाची, एवढीशी, की भाजीच्या पिशवीत घातली तर टोमॅटोंनाच जागा जास्त लागावी! आणि तिची मालकीण नर्गिसबाई... कॉप्टिक ख्रिस्ती, म्हणजे वर्षाचे दोनशे दिवस मांस-दूध वर्ज्य; साठीला टेकलेली, बिनलग्नाची. आजारी आईची सेवा करता करता, धाकट्या बहिणीला, इझीसला, शिकवता शिकवता त्या बाईच्या आयुष्याचा वसंत कधी सरला, तिचं तिलाही कळलं नाही.

ईस्टर होऊन दोन आठवडे झाले होते. दुपारच्या वेळी नर्गिसबाई हातातली थाळी तशीच धरून दिवाणखान्याच्या दारात थिजून उभ्या होत्या. कोपऱ्यात आईची वेताची खुर्ची होती, पाच वर्षांत तिच्यावर कुणी बसलं नव्हतं. त्या खुर्चीमागच्या भिंतीला कपाळ टेकून लोझा उभी होती... निश्चल! शेपूट हलत नव्हतं, हाक ऐकू जात नव्हती. मग ती हळूच वळली, खुर्चीभोवती एक फेरी घातली, दुसरी घातली, आणि रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली.

"आई," नर्गिसबाई पुटपुटल्या, "परत आलीस? अजून तेच विचारायला आलीस का गं, की मी सही का केली?"

पाच वर्षांपूर्वी आईच्या पित्ताशयातले खडे काढायचे होते. आईचं यकृत आधीच पोखरलेलं. नर्गिसबाईंनी इस्पितळाच्या कागदावर सही केली, आणि आई भुलीतून उठलीच नाही! त्या दिवशी शवागाराच्या दारात इझीस किंचाळली होती, "तू सही केलीस! तू मारलंस तिला!" नर्गिसबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. इझीसनं लग्न केलं, त्यात ताईला बोलावलं नाही, आणि मग पाच वर्षं त्या घरात फोन वाजला तो फक्त चुकीच्या नंबरचा.

आता लोझा, आईनं शेवटच्या वर्षी आणलेला हा लेकरासारखा जीव, आजारी होती. गेल्या खेपेला ती माजावर आली तेव्हा गर्भाशयात पू झाला होता, औषधांनी कसंबसं निभावलं. "पुन्हा झालं तर जाईल," जनावरांची डॉक्टरीण मेरवत म्हणाली होती, "गर्भाशय काढून टाकायला हवं. पण रक्तातले यकृताचे आकडे मला बरे दिसत नाहीत. भूल झेपेल की नाही, कोण जाणे. विचार करा, आणि या कागदावर सही करा."

सही!... नर्गिसबाईंनी पेन उचललं, आणि तसंच खाली ठेवलं. त्या तशाच घरी आल्या, आणि त्यांनी पाच वर्षांत पहिल्यांदा तो नंबर फिरवला.

"इझीस... मी बोलतेय. आईच्या लोझाचं ऑपरेशन आहे. या वेळी सही तू कर."



इझीस आली ती चेहरा दगडाचा करून. दवाखान्यात दोघी बहिणी बाकाच्या दोन टोकांना बसल्या, मध्ये टोपलीत लोझा.

"बारीक झालीस," इझीस भिंतीकडे बघत म्हणाली.

"तू जाड झालीस."

"नवऱ्याच्या घरी जेवायला मिळतं."

तेवढ्यात मेरवतनं आत बोलावलं. "भिंतीला डोकं लावते म्हणता, ते कधी कधी होतं?"

नर्गिसबाई ओढणीच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. "हसू नका, डॉक्टरीणबाई. आई येते तेव्हा. नाताळला येते, ईस्टरला येते, मरियमच्या सणाला येते. उपासाच्या दिवसांत येत नाही. यंदा मात्र ईस्टरपासून रोज येतेय..."

मेरवत हसली नाही. इझीसनं मात्र झटकन मान वळवली. "ताई, उपासात ही काय खाते?"

"मी खाते तेच. बाकल्याची उसळ, मसूर, तेलातली भेंडी. एकटीसाठी दोन चुली कोण पेटवणार?"

"आणि सणाला?"

"सणाला आई तिला पहिला घास कलेजीचा भरवायची. ते मी कसं मोडू? आणि ईस्टरनंतरचे पन्नास दिवस तर उपासाला बंदीच, म्हणून मग रोज..."

"रोज मांस!" इझीस म्हणाली. मेरवतनं पेन टेबलावर ठेवलं.

"आई नाही हो ती, बाई. ते यकृत आहे. मांस पचताना जे विष होतं ते यकृतानं गाळायचं. हिचं गाळत नाही, ते डोक्यात चढतं, मग ती भिंतीला कपाळ लावते. तुमच्या उपासांनीच ही सहा वर्षं जगली! आता असं करा. मांस बंद, मी देते ते औषध रोज, आणि दोन महिने थांबा. आकडे उतरले की मग गर्भाशय काढू. घाई केलीत तर भुलीतून उठायची नाही."

"दोन महिने..." नर्गिसबाईंच्या तोंडून निसटलं. "त्या डॉक्टरांनीही दोनच महिने थांबायला सांगितलं होतं..."

"कुठल्या डॉक्टरांनी?"

"काही नाही. चल."

"ताई! कुठल्या डॉक्टरांनी?"

बांध फुटावा तशी ती मूक बाई फुटली! "आईच्या! पण दोन महिने थांबलं असतं तर ईस्टरआधीचा मोठा उपास लागला असता, आणि उपासात चर्च लग्न लावत नाही. तुझा होणारा नवरा तर नोकरीसाठी कुवेतला निघालेला. आई म्हणाली, 'माझ्या लेकीच्या लग्नात मी खाटेवर पडून राहणार नाही, आत्ताच कापा मला.' मी पाया पडले गं तिच्या! तिनं माझा हात धरून सही करायला लावली, आणि मरियमची शपथ घातली, 'इझीसला कळता कामा नये.' सांगितलं असतं तर तुझ्या लग्नाचा प्रत्येक दिवस तुला खायला उठला असता..."

"म्हणून माझी सगळी बोलणी तू..." टोपली बाजूला सरकवून इझीसनं ताईच्या मांडीत डोकं खुपसलं. "पाच वर्षं, ताई! पाच वर्षं मी तुला खुनी म्हणत राहिले!"

"मला सवय झाली होती," नर्गिसबाई तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे रडल्या.

दोन महिने लोझानं मसुरीवर काढले. तिला एकटीला उपास नको म्हणून नर्गिसबाईही मसूर खायला लागल्या, तेव्हा पाद्रीबाबा रागावले, "या दिवसांत उपास पाप आहे!" त्या म्हणाल्या, "उपास कुत्रीचा आहे बाबा, मी फक्त सोबत करते." जुलैत आकडे उतरले. त्या कागदावर दोघी बहिणींनी सह्या केल्या, एकीच्या नावाखाली दुसरीचं. तीन तास दोघी एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या... आणि लोझा उठली! उठली, आणि पुन्हा कधीही त्या कोपऱ्याकडे तिनं पाहिलं नाही.

"पण खरी गोष्ट पुढेच आहे!" बुशरा इथे इस्त्री खाली ठेवतो. "ऑगस्टात मरियमचा सण आला. लोझाला आता कलेजी नाही, म्हणून नर्गिसबाईंनी पहिला घास ताटलीत घालून आईच्या खुर्चीवर ठेवला. म्हणाल्या, 'आई, रागावली नसशील तर एवढं खा.' लोझाला काखोटीला मारलं, आणि चर्चला गेल्या. परत येऊन बघतात तो काय! ताटली लख्ख! कणसुद्धा नाही! आणि खुर्चीचा वेत असा खाली दबलेला, जणू आत्ताच कुणी बसून उठलंय!"

त्या दिवशी दुकानातल्या स्टुलावर नर्गिसबाई लोझाला मांडीवर घेऊन बसलेल्या होत्या. त्यांनी डोळे पुसले. "खरंय. मी स्वतः पाहिलं. आईनं मला माफ केलं."

दारात कपड्यांचं गाठोडं धरून उभी असलेली इझीस लालबुंद झाली.

"खोटं, बुशराकाका! साफ खोटं! ती कलेजी मी खाल्ली. त्याच खुर्चीवर बसून, रडत रडत... ताईला वाटावं आई आली म्हणून! आणि मला कलेजी आवडतसुद्धा नाही!"