पोसणीचा ओटा

चार दिवस चहा दिवाणखान्यातल्या टीपॉयवर होत होता आणि भांडी बाथरूममध्ये घासली जात होती. घरभर पांढरी भुकटी पसरली होती. ती चादरींत होती, चपलांत होती, केतकीच्या पापण्यांवरही होती. ओटा बदलायचे काम तिने स्वतःच्या अंगावर घेतले होते, कारण तिच्या वडिलांनी, विलासरावांनी, गवंड्याला दारातूनच परत पाठवले होते.

"परक्या माणसाने तुझ्या आईच्या ओट्यावर हातोडा मारायचा, हे मला बघवणार नाही," ते म्हणाले होते. "फोडायचाच असेल तर तू फोड."

फोडणे भागच होते. बारा वर्षांपूर्वी इचलकरंजीत पहिले पोसणीचे ओटे आले, त्यांतला हा एक. वाळूत चुना धरणारे जिवाणू सोडायचे, त्यांना आठवडाभर खाद्याचे पाणी पाजायचे, की ओट्याचा दगड तयार. पुढेही तो जिवंतच राही. चीर पडली तर आपली आपण बुजवी. जिथे रोज भार पडेल तिथे कणाकणाने दबून त्या हाताला बसेल असा आकार घेई. मात्र त्याला ओल लागे आणि माणसाचा हात लागे. केतकीच्या आईला जाऊन अकरा महिने झाले होते. बाबा डब्यावर जेवत होते आणि उपाशी ओट्याची भुकटी होत चालली होती. बाबाही नऊ किलोंनी उतरले होते. नवा ओटा घालायचा, बाबांना त्यावर स्वयंपाक शिकवायचा आणि मगच पुण्याला परतायचे, असे केतकीने ठरवले होते.

पाचव्या दिवशी सकाळी ती सिंकखालचा पाइप जोडत होती.

"इंजिनिअर मुलगी, आणि पाना उलटा धरते," बाबा मागून म्हणाले.

"मग या तुम्ही खाली."

"माझे गुडघे बघ. मी आपला सूचना देतो."

हसत ती उठली, आणि तिचे लक्ष ओट्याकडे गेले. सिंकच्या उजवीकडे परातीएवढा उथळ खळगा पडला होता. काल तिथला दगड सपाट होता.

"बाबा, इथे काही जड ठेवलं होतं का?"

बाबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "एक मूठ टाकली होती मी. वाळू कालवलीस तेव्हा. जुन्या ओट्याची."

"अहो, पुस्तिकेत ठळक अक्षरांत लिहिलंय, जुन्याचा अंश मिसळू नका म्हणून. पाकिटात दिलं होतं की जिवाणूंचं विरजण."

"पाकिटातलं विरजण कुणाच्या घरचं कोण जाणे. तुझ्या आईने कधी बाहेरचं विरजण वापरलंय?"

केतकीने पुस्तिका पुन्हा उघडली. कारण शेवटच्या पानावर बारीक टायपात होते. जिवाणू पडलेला भार लक्षात ठेवतात आणि ती आठवण पुढच्या पिढ्यांना देतात. जुन्या मुठीतून जुना नकाशा नव्या दगडात उतरतो.

परातीच्या जागी तिने तळवा टेकवला. आई इथे कणीक मळायची. तिने दुसराही तळवा शेजारी टेकवला. दुपारी बाबा तीनदा येऊन त्या खळग्यावरून हात फिरवून गेले. तिसऱ्यांदा तर पाणी प्यायचे निमित्तही त्यांनी केले नाही.

सहाव्या दिवशी आणखी दोन खळगे उमटले. गॅसच्या डावीकडे, ओट्याच्या अगदी कडेला, एकमेकांपासून हातभर अंतरावर. तिथे आई नेहमी नॅपकिनची घडी ठेवायची. तिथे काही चिरायचे, लाटायचे, कुटायचे नसे. केतकीने हात लावून पाहिले. तळवे बसेनात. मग तिने बोटे बाहेर वळवली, कोपर ताठ केले, पुढे झुकली. मान आपोआप खाली गेली आणि सगळा भार मनगटांवर आला. तेव्हा तळवे नीट बसले.

ती बराच वेळ तशीच राहिली. काम करताना कुणी असे उभे राहत नाही. कळ थांबायची वाट बघताना राहते.

आजार कळल्यापासून तीन आठवड्यांत आई गेली होती. "त्याआधी कधी काही दुखलं नाही गं," असे ती शेवटपर्यंत सांगत होती. पुस्तिकेत तक्ता होता. उभ्या माणसाचा भार रोज पडत राहिला, तर वर्षाला दोन मिलिमीटर. केतकीने पट्टी लावली. तीन. म्हणजे दीड वर्ष. त्या दीड वर्षात ती दोनदा घरी आली होती, आणि दोन्ही वेळा तिने आईला पुरणपोळ्या करायला लावल्या होत्या.

बाबा दारात उभे होते. तिचे वाकणे त्यांनी पाहिले असावे, कारण त्यांनी काही विचारले नाही. जेवणाच्या टेबलाशी आपल्या नेहमीच्या खुर्चीवर ते बसले. खुर्चीपासून ओटा चार पावलांवर होता.

"मी इथेच असायचो," ते म्हणाले. "पेपर वाचत. तिची पाठ असायची माझ्याकडे. वाटायचं, दूध उतू जाईल म्हणून थांबलीय."

बाबांनी त्या दोन खळग्यांकडे बोट केले.

"हे असंच राहील का?"

"नाही. उद्यापासून हा वापरायचा. नव्या हाताचा भार पडू लागला की दगड तो शिकतो. जुने खळगे महिन्याभरात भरून येतात."

"म्हणजे मी पोळ्या शिकलो की ती जाणार."

"हो."

"आणि नाही शिकलो तर?"

"तर ओटाच जाईल. आधीचा गेला तसा." जरा थांबून ती म्हणाली, "आणि तुम्ही डब्यावर राहाल."



सातव्या दिवशी सकाळी केतकीला जाग आली ती भांड्यांच्या आवाजाने. बाबांनी परात काढली होती. कणीक गरजेपेक्षा दुप्पट घेतली होती, मीठ टाकून पुन्हा टाकले होते. परात दोन्ही हातांनी छातीशी धरून ते ओट्यापासून हातभर लांब उभे होते. सकाळच्या तिरप्या उजेडात तिन्ही खळगे स्पष्ट दिसत होते. उरलेली जागा गॅसने आणि सिंकने घेतली होती.

"केतू," मागे न बघता ते म्हणाले, "मी कुठे उभा राहू?"