दगडी डोंगा

बावन्न साली चांदा जिल्ह्यात मी सडकेच्या कामावर ओव्हरसियर होतो. आरमोरीच्या अलीकडे, वैनगंगेच्या काठी, फादर केव्हिन नावाचे एक आयरिश पाद्री दवाखाना चालवायचे. त्यांना मागच्या मोकळ्या जागेत प्रार्थनेची खोली हवी होती, त्यांच्या देशात हजार-बाराशे वर्षांपूर्वी साधूंनी बांधली होती तशी. चुना नाही, माती नाही, नुसते चपटे दगड. प्रत्येक थर खालच्यापेक्षा बोटभर आत, शेवटी दोन्ही भिंती वर एकमेकींना भेटतात. फोटो पाहून मी म्हटलं, "ही पहिल्या पावसात घरंगळेल." फादर म्हणाले, "बाराशे वर्षांत थेंब गळलेला नाही."

मला असली आव्हानं आवडायची. मजूर माझे, दगड माझे, दोन महिन्यांत खोली उभी राहिली. एक बुटकं दार, वीतभर खिडकी. लांबून ती थेट काठावर उपड्या घातलेल्या डोंग्यासारखी दिसे.

शेवटचा दगड बसवताना आतून बल्लीचा टेकू धरायला मी इस्तारीला पाठवलं. नदीत डोंगे चालवून मासे धरणाऱ्या ढिवर गड्यांमध्ये तोच सगळ्यात हुशार. दारातून वाकता वाकता तो थांबला.

"साहेब, डोंगा उपडा घालाच्या अगुदर आमी त्याच्यावर तीन थापा मारतो. खाली कोनी असन तं आवाज देते. तुमी बी मारजा."

"अरे, हा दगड आहे. नदी तिकडे, फर्लांगभर."

मी हसलो, वर चढलो आणि थाप न मारताच दगड बसवला. ते हसू अजून मला खातं.

"निघ आता बाहेर!"

"साहेब, दार कुठी हाये?"

मी खाली उतरलो. दार सताड उघडं होतं, भर दुपारचं ऊन आतपर्यंत पडलं होतं. मी वाकून आत शिरलो. कोरडी जमीन, उभी बल्ली, तिच्यावर त्याचा दुपट्टा. इस्तारी नव्हता. आवाज मात्र माझ्या पायापाशी होता.

"पानी भरून राह्यलं, साहेब."

मी जमिनीवर हात फिरवला. हाताला धूळ लागली.

मग आवाज कमरेशी आला. मग छातीशी.

मग छताला लागून.

मग शब्द थांबले.

छत फोडायला मी लोखंडी सब्बल घेऊन वर चढलो. तेवढ्यात इस्तारीची बायको मैना बांधावरून धावत आली. कोणाला काही न विचारता तिनं तळव्यानं छतावर तीन थापा मारल्या. आतून, त्या शेवटच्या दगडाखालून, तीन थापा आल्या.

"जिता हाये," ती म्हणाली.

मी सब्बल उगारली. तिनं माझा हात धरला.

"फोडू नोका, साहेब. डोंगा फुटला तं तो काय धरून राहीन?"

मी सब्बल खाली ठेवली. फादर नुसते गुडघे टेकून बसले होते.

मैनानं बांगड्या फोडल्या नाहीत. रोज सांजेला यायची, थापा मारायची, उत्तर ऐकून घरी जायची. अशी सात वर्षं गेली. माझी दोनदा बदली निघाली, दोन्ही वेळा मी ती रद्द करून घेतली.

यंदाच्या चैतात मैना तापानं गेली. तिला नदीकाठी अग्नी दिला, लाकडं मीच आणली. त्या संध्याकाळी थापा मारायला दुसरं कोणी उरलं नव्हतं, म्हणून मी गेलो. तीन मारल्या.

आतून तीन आल्या. जड.

मागोमाग तीन हलक्या. त्यांच्यासोबत बांगड्या वाजत होत्या.