पाचच तुकडे

"मॅडम, माह्या वच्छलेचा आवाज चोरीले गेला."

दामिनी सायबर पोलिसांत फौजदार. चोऱ्या तिने ढीगभर पाहिल्या होत्या, पण अशी तक्रार पहिलीच. ती महाल भागात तक्रारदार रुपरावांच्या घरी पोचली. एक खाट, एक कॉम्प्युटर आणि सत्तरीचा एकटा माणूस, एवढाच तिथला संसार. बोलायला कुणीतरी मिळालं म्हटल्यावर रुपराव थांबेचनात.

वच्छला, त्यांची बायको, गेली त्याच्या आदल्या दिवशी दवाखान्यात खूप बोलली होती. मुलीने, उत्तराने, ते मोबाइलवर टिपलं. फाईल मोठी, मेलने जाईना. कॉम्प्युटर शिकलेल्या उत्तराने एका कमांडने तिचे तुकडे पाडले आणि एकेक करून बाबांना पाठवले. शेजारच्या मोबाइल दुकानातल्या प्रीतमने ते जोडून दिले. पण बोलणं मध्येच तुटत होतं.

"प्रीतमनंच शेवटचा तुकडा उडवला. म्या त्याले सांगतलं, पुन्हा इथं पाय ठेवू नोको. मले फक्त ती शेवटी काय बोलली ते आयकाचं हाय."

या घरी रोज येणारा तो प्रीतम एकटाच होता. दामिनीने त्याला बोलावलं.

"किती तुकडे आले होते?"

"पाच. कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत कमांडची एक ओळ टाकली, पाचही जुळले."

"एखादा पुसलास?"

"काहून पुसू, मॅडम? काकूच्या हातचं जेवलो मी."

दामिनीने उत्तराचे मेल उघडले. शेवटच्यात होतं, 'बाबा, पाचच आहेत. संपलं.' पाचही तुकडे आकाराने अगदी सारखे. मग तिने रेकॉर्डिंगचा शेवट ऐकला.

"उत्तरा, माह्या मागं तुह्या बा..." आणि आवाज बंद.

"उत्तरा राहते कुठे, काका?"

"मौद्याले. तासाभराचा रस्ता."

दामिनीने उत्तराला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"उत्तराताई, फाईल तोडणारी कमांड शब्द बघत नाही, आकार बघते. बर्फीच्या वड्या पाडाव्यात तसे सगळे तुकडे सारखे पडतात, शेवटी उरतो तो लहान. इथे लहान तुकडाच नाही. पाचवाही पुरता भरलेला आणि वाक्य अर्धं. म्हणजे सहावा आहे. तो प्रीतमने पुसला असता, तर तुम्ही 'पाचच' का लिहिलं असतं?"

"मोबाइल बंद पडला असेल."

"नेमका पाचवा तुकडा भरल्यावर? आणि तुम्ही तासाभरावर राहता. पेनड्राइव्ह घेऊन आला असतात, तर तुकडे करावेच लागले नसते. का नाही आलात?"



"पाठवते," उत्तरा म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालेले रुपराव प्रीतमकडे बघू शकले नाहीत. "चुकलं गा माहं," एवढंच म्हणाले. सहावा तुकडा आला. लहानसाच होता. प्रीतमने तो जोडला.

"उत्तरा, माह्या मागं तुह्या बाबाले एकटं ठेवू नोको वं. तुह्या घरी घेऊन जाजो. हो म्हण."

मग उत्तराचा रडवेला आवाज. "हो, आई. शप्पथ."

 रुपरावांचा फोन वाजला. दामिनीने तो स्पीकरवर लावला.

"ऐकलं, बाबा?"

रुपरावांनी दामिनीकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

"नाही वं. तो तुकडा खराब निघाला. खुललाच नाही."

"मग... राहू द्या," उत्तरा म्हणाली. तिला किती हलकं वाटलं, ते तिघांनाही ऐकू आलं.

"तू जेवली का, बाई?" रुपरावांनी विचारलं. फोन केव्हाच बंद झाला होता.