बंदर बागेतली माकडं

पुण्याहून आलेल्या चुलत बहिणीला, मृणालीला, पेणमध्ये आता काय दाखवायचं यावरून भूमिका आणि तिचा भाऊ साईराज सकाळपासून भांडत होते. गणपतीचे कारखाने बघून झाले होते. तिथे मृणालीने असे काही प्रश्न विचारले, की कारागिरांनी खूश होऊन तिला बाप्पाचा उंदीर रंगवायला दिला. भूमिका जन्मापासून पेणची, पण तिच्या हातात कुणी कधी ब्रश दिला नव्हता!

शेवटी निघाले बंदर बागेत. बाग कसली, दोन झोपाळे नि एक पिंपळ. पण आज तिथे टेम्पोतून सिमेंटची माकडं उतरत होती. ती गणपतीच्या कारखान्यातच घडवलेली, त्यामुळे त्यांचे डोळे अगदी बाप्पासारखे शांत. बाग समितीचे अध्यक्ष शरदकाका जो भेटेल त्याला सांगत होते, की बागेच्या नावाला शोभेलसं काहीतरी हवंच होतं. मोठं माकड पिंपळाखाली बसणार होतं आणि त्यासाठी तिथला बुटका दगड फोडायचा होता.

त्या दगडावर भूमिका लहानपणापासून बसत आलेली. तिने त्याच्यावरून शेवटचा हात फिरवला, तर मधोमध एक गुळगुळीत चर लागला. मामाच्या गावी खाडीकाठी होड्या बांधायच्या दगडाला दोराने घासून अस्साच चर पडला होता. पण इथे होड्या? खाडी तर कुठल्या कुठे!

इतक्यात मृणाली आली. भूमिका पटकन दगडावर बसली आणि पाय सोडून तिने चर झाकला. हिला कळलं, की पुन्हा हिचंच कौतुक. एवढा एक शोध तरी आपला असू दे.

मृणाली झोपाळ्याकडे वळताच भूमिकाने एकटीने शरदकाकांना गाठलं आणि हा होड्या बांधायचा दगड आहे म्हणून सांगितलं. ते हसले. गुरं बांधायचा दगड असेल, बाजूला हो म्हणाले. दगड फोडायला आलेला पहारवाला पुढे सरसावला. भूमिकाला रडू यायला लागलं आणि मग ती नाइलाजाने ओरडली, "मृणाली, इकडं ये गो. मला यांना पटवता येत नाय."

मृणालीने चर पाहिला, मामाच्या गावच्या दगडाची गोष्ट ऐकून घेतली.

"काका," ती म्हणाली, "आपण माकडाला माकड म्हणतो. मग बागेच्या नावात हिंदी बंदर कुठून आलं?"

शरदकाकांनी एकदा माकडांकडे पाहिलं, एकदा दगडाकडे. "म्हणजे हे बंदर..."

"होड्या लागायच्या ते!" साईराज म्हणाला. त्याने झोपाळ्याचा जादा दोर आणून दगडाला गुंडाळला. तो चरात नेमका बसला.

पिंपळापर्यंत मिठाचे मचवे यायचे, असं शरदकाकांचे आजोबा सांगत. काकांनी ती नेहमी थापच समजली होती. त्यांनी पहार बाजूला ठेवायला लावली, माकडं बालवाडीला देऊन टाकली आणि मृणालीची पाठ थोपटली. "पाहुणी असून पेण ओळखलंस!"

भूमिकाने ओठ चावला.

"मी नुसता शब्द ओळखला," मृणाली म्हणाली. "दगड हिने ओळखला. त्याच्याशिवाय माझं कुणी ऐकलं असतं का?"

मग सगळे भूमिकाकडे वळले आणि काकांनी तिचीही पाठ थोपटली. पण तिचा जळफळाट काही गेला नाही. ही हुशार तर होतीच, आता हिचं मनही मोठं निघालं. म्हणजे तिथेही हीच पुढे!

तिने दोराचं टोक मृणालीच्या हातात दिलं.

"उद्या मामाच्या गावाला नेते तुला," ती म्हणाली. "तिथं होडी मला वल्हवता येते. तुला नाय येत."