एक दात पुढे

भिंगरी झोपली की घरातली कामं मांजरपावलांनी उरकायची, हे दोघांच्या अंगवळणी पडलं होतं. गाडीचा टायमिंग बेल्ट घरीच बदलायचा बेतही लेकीच्या दुपारच्या झोपेतच बसवलेला. अंगणात पुढचं एक चाक काढून ठेवलेलं, इंजिनाच्या बाजूचं झाकण जुन्या चादरीवर, आणि नवरा बॉनेटखाली कमरेपर्यंत गडप.

"नेलपॉलिश आण."

"कुठली? गुलाबी चालेल, की साहेबांना मॅचिंग हवी?"

"पांढरी आण गं बाई."

पांढऱ्या ठिपक्यांनी त्याने खुणा केल्या, एक वरच्या पुलीवर, एक खालच्या. रबरी पट्ट्याला आतून दात असतात. ते पुल्यांच्या खाचांत बसले की इंजिनाचं वरचं अंग आणि खालचं अंग एका तालात चालतं. एक दात जरी चुकला तरी ताल गेला. तिच्याकडे काम एवढंच, पाना लावून वरची पुली हलू द्यायची नाही.

नवा पट्टा चढत होता आणि आतून भिंगरी कुरकुरली. पाना धरलेल्या आईची मान वळली. मनगटही वळलं असेल.

"आता हाताने फिरवून खुणा बघायच्या म्हणाला होतास ना?"

"उठली ना ती? जा तू. बसलाय नीट."

झाकण लागलं. गाडी जरा कण्हली, पण सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात कांदा चिरत असताना बाहेरच्या खोलीतून भिंगरीचं रडणं आलं. पडल्याचं रडणं, ते आईला वेगळं कळतं. सुरी टाकून ती धावली. भिंगरी खुर्चीला धरून उभी होती आणि हसत होती. मग तिने खुर्ची सोडली, पाय चटईत अडकला, आणि ती पुढे केलेल्या हातांत अलगद पडली. रडली मात्र नाही. रडून झालं होतं.

आईचे कान, दुसरं काय, असं म्हणून ती स्वतःलाच हसली.

पण मग भिंगरी दाराशी जाऊन टाळ्या पिटायची आणि त्यानंतर फाटकाशी गाडी वळायची. "बापाचा वास येतो का गं तुला?" सासूबाई कौतुकाने विचारायच्या. एकदा मांडीवर घेऊन भरवताना शिंकेचा आवाज आला. भिंगरीचं नाक त्यानंतर चुरगळलं. सासूबाईंनी वाटी खाली ठेवली.

"माझे कान गेले बहुतेक," त्या म्हणाल्या.

हे पट्टा बदलला त्या दिवसापासून सुरू झालं, ते तिला ठाऊक होतं. ती घाबरली मात्र नाही. उलट लेक झाल्यापासून पहिल्यांदाच ती गाढ झोपू लागली. नुकतं चालायला लागलेलं पोर. घरभर कोपरे, पायऱ्या, दारांच्या फटी. रडणं आधी यायचं, पडणं नंतर. मधल्या जागेत तिचे दोन हात मावायचे. कुठल्या आईला याहून जास्त काय हवं असतं?

मग एका संध्याकाळी नवरा घरी आला तो पांढराफटक होऊन.

"चढावर मधेच बंद पडली. मागे ट्रक होता." पाण्याचा पेला त्याच्या दातांवर वाजला. "एक दात चुकलाय आपला. रविवारी परत उघडतो."

"राहू दे ना."

"राहू दे? अगं, मरता मरता वाचलोय मी."

एकाच पट्ट्यावर तिची दोन माणसं होती. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि "उघड" म्हणाली.

रविवारी दुपारी भिंगरीने झोपायला साफ नकार दिला. सासूबाई तिला खोलीत घेऊन बसल्या. डबा आणि चमचा घेऊन तिने वाजंत्री सुरू केली. अंगणात झाकण निघालं. ठिपका खरोखरच एक दात पुढे होता.

"धरलंयस ना?"

"धरलंय."

त्याने पट्टा ओढून काढला. तिचा तळवा घामेजला होता, हे खरं. तेवढंच खरं होतं का, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

पाना सटकला.

वरची पुली आपणहून गर्रकन फिरली. ठिपका कुठच्या कुठे गेला.

आणि आतून हाक आली.

ती धावली. भिंगरी चटईवर होती. चमचा चालूच होता.

"अशी पळत काय आलीस?" सासूबाई म्हणाल्या.

"हाक मारली ना हिने?"

"ही कुठली मारतेय?" त्या खिडकीकडे बघत राहिल्या. "मलाही वाटलं बाई कुणीतरी... रस्त्यावरची असेल पोर."

ती हात पसरून लेकीसमोर बसली. वाट बघत राहिली. काहीच झालं नाही. बाहेर नवऱ्याने पुटपुटत पुली मागे आणली, पट्टा पुन्हा चढवला, यावेळी न विसरता हाताने फिरवून खुणा तपासल्या.

"ऐकलंस?" तो ओरडला. "लोण्यासारखी चालतेय!"

त्याच क्षणी भिंगरी कलंडली. कपाळ डब्यावर आपटलं. मग ओठ थरथरले, आणि मग, अगदी जगातल्या सगळ्या मुलांसारखं, ती रडली.

तिने लेकीला छातीशी धरलं.

त्या हाकेबद्दल ती नवऱ्याशी कधी बोलली नाही. भिंगरी कडेवर असो, जिन्यात असो, तिचा एक हात आजही मोकळा असतो. कारण तेव्हा भिंगरीला 'आ' म्हणण्यापलीकडे काही येत नव्हतं, आणि ती हाक तिच्याच गळ्यातली, पण जाणत्या मुलीची होती, लख्ख. "आई, धर ना गं मला."

त्या आवाजाभोवती खूप वारा होता.