विहिरीवरची बाधा

वैशाखातली भर दुपार. त्या वेळी आचऱ्यात आमच्या विहिरीकडे कुणी फिरकत नसे. तिथे देवचार, म्हणजे झपाटणारं भूत, असतं म्हणत. मी घागर विसरले होते म्हणून गेले... तर काठावर एक अनोळखी तरुण आत दोर सोडत होता. झाडाचं पानही हलत नव्हतं.

"मनिस काय भूत?" मी लांबूनच विचारलं.

"पाय बघ गो, सरळ आसत," तो हसला.

तो शेजारच्या आनंदीबाईंचा भाचा, सदानंद. मुंबईच्या प्रयोगशाळेत काम करायचा. दोराला बांधलेल्या तांब्यातून त्याने काचेची नळी काढली. आत दुधट पाणी.

"हेच्यात जिवाणू आसत. एकेकाच्या पोटात विषाणू निजलेलो. हंय विहिरीत गार ठेवलो तर निजान रवता. तापलो की जागो जाता... एकाचे शंभर होतत, नि घर फोडून भायर येतत."

"म्हणजे बाधाच ती!"

"बाधाच," तो म्हणाला — पण बघत होता माझ्याकडे.

मग मला रोज दुपारीच तहान लागू लागली. बोलायचं ते मात्र दोघंही बोललो नाही, आणि त्याची परतायची वेळ आली. बोटीचं तिकीट काढायला मालवणला निघताना म्हणाला, "तांब्यो सांभाळशीत मा? वर काढू नको."

मी एक नळी काढलीच. त्याच्या बोटांनी हाताळलेली म्हणून... घरी येऊन ती मुठीत धरून पडले, आणि अंगात सणकून ताप भरला. संध्याकाळी मूठ उघडली, तर नळीतला दुधटपणा गेला होता. उरलं होतं नुसतं नितळ पाणी. माझ्या तापाने आतले सगळे जागे होऊन घरं फोडून बाहेर आले होते.

आजी ओरडली, "देवचारान धरल्यान पोरीक!"

भुतं उतरवणारा बाबली घाडी धावत आला. बाधेने नाव सांगितलं की ती सुटते, ही आमच्याकडची रीत. धुपाच्या धुरात माझ्यावरून नारळ ओवाळत तो गरजला, "कोण आसस? नाव सांग!"

माझे ओठ आपोआप हलले. आवाज माझा मलाच ओळखू येईना.

"सदानंद..."

सगळे गार पडले. घाड्याने डोळे वटारले. "सदानंदा, हिका सोडतलस काय नाय?"

"नाय," उत्तर दारातून आलं.

घाडी दचकून वळला. हातात तिकीट घेऊन सदानंद उभा होता, घामाघूम. घाड्याने त्याला पाहिलं, मला पाहिलं, आणि नारळ आजीच्या हातात ठेवला.

"ह्यां माझ्यान उतरूचा नाय, म्हातारे. नारळ साखरपुड्याक ठेव."